पंचाहत्तर मीटर

टेपचं एक टोक बोरस्त्यांच्या दारात,
दुसरं माझ्या हातात.
मधे मखमलाबाद रोड, दोन गतिरोधक,
चिकन सेंटर, बंद पडलेलं झेरॉक्सचं दुकान
आणि कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड.
अडुसष्ट मीटर वीस.

"मॅडम, हा म्हसोबा कागदावर नाहीये,"
हृषीकेश बोरस्ते म्हणतो.
त्याच्या नखांत जवाचा भुगा.
"धर्मादायला नोंद नाही, उताऱ्यावर नाही,
घरपट्टीच्या यादीतसुद्धा नाही."
खरंय.
मी लिहिते : दगड, एक.
पुढचा रकाना कोरा सोडते.

लोक आमच्या ऑफिसला अजून दारूबंदीच म्हणतात.
रिक्षावाल्याला 'राज्य उत्पादन शुल्क' सांगितलं
तर म्हणतो, हे कुठं आलं?
दारूबंदी म्हटलं की बरोबर दारात सोडतो.
आत, साहेबांच्या डोक्यावरच्या फळ्यावर
यंदाचं महसुलाचं उद्दिष्ट,
खडूनं.

द्राक्षांचं जुनं कोल्ड स्टोरेज, त्यात सहा टाक्या.
मी एकेकीच्या काचेला डोळा लावते.
आत काहीतरी श्वास घेतंय
त्याची मी लिटरं करते,
लिटरांचे रुपये,
रुपयांचं चलन,
आणि चलन जातं मुंबईला.

महापालिकेचे कापडणीस मीटरपाशी उकिडवे बसलेत.
"तुमचं बरंय," म्हणतात,
"ग्लास भरला की तुमचा पैसा.
आम्हाला फक्त नळ.
एका ग्लासामागं सहा ग्लास पाणी घेतो हा गडी,
गंगापूर धरणाचं.
एक गिऱ्हाईक पितं. बाकी पाच कुठं गेले, ते विचारा त्याला."
मग स्वतःच गटाराचं झाकण उचलून बघतात,
वास घेतात, परत ठेवतात.
"कुंभात रामकुंडाच्या पायरीवर फेस दिसला
तर तो कुणाच्या खात्यावर टाकायचा?
पण दर चांगला लागतो हो ह्याला, व्यापारी.
ह्यातनंच तर अंगणवाडीचं छत झालं मागल्या साली.
पाटी नाही लावली.
लावणार काय?"

अण्णा ह्याच खात्यात जवान होते.
पेठकडच्या एका ओहोळात
ठकूबाई भोयेची मडकी त्यांनी तीनदा फोडली.
तिसऱ्या वेळी ती पळाली नाही म्हणे,
बसून राहिली, आणि म्हणाली,
पोरीचं लगीन हाय, एवढं एक तरी ऱ्हाऊ द्या.
अण्णा बूट बाहेर काढून घरात यायचे
तरी दोन दिवस ओटीवर मोहाचा वास.
आईनं कधी विचारलं नाही.
परवा, सातपूरच्या घरी, टीव्हीचा आवाज कमी करून
त्यांनीच मला विचारलं :
"तू काय फोडतेस?"
काही नाही, अण्णा.
मी मोजते.

शेवटी हृषीकेशच तोड काढतो.
नियम दाराचा आहे, भिंतीचा नाही.
पुढचं दार वीट घालून बुजवायचं,
मागच्या बोळातून नवं काढायचं.
देव जागच्या जागी.
आम्ही पुन्हा टेप ओढतो, वळणावर कापडणीस पाय देऊन धरतात.
सत्त्याहत्तर मीटर दहा.
शिक्का मारायला सपाट जागा नाही म्हणून
टाकीच्याच पोटावर कागद ठेवते.
गार लागतं मनगटाला.

संध्याकाळी गवळ्याचा टेम्पो येतो, जवाचा चोथा भरून नेतो.
त्याला रजिस्टर नाही, शुल्क नाही.
म्हशी खातात.
कोपऱ्यावरचा चहा त्यांच्याच दुधाचा,
कापडणीस दोन कटिंग सांगतात,
पैसे कुणी द्यायचे यावरनं थोडी ओढाताण.

स्कूटरला किल्ली लावताना बघते :
दगडापुढं कुणीतरी स्टीलचा पेला ठेवलाय.
काठोकाठ.
वरचा फेस अजून मोडलेला नाही.
कुठल्या टाकीतला,
शुल्क भरलेला की न भरलेला,
टेप तर हातात आहेच,
पण मी वाकत नाही.